कशासाठी थांबलं?

यशोधराबाईंचं ऑपरेशन तिसऱ्यांदा रद्द झालं तेव्हा त्या हिरव्या झग्यात, केस टोपीत कोंबून, चाकांच्या खाटेवर आडव्या होत्या. कवळी काढून मुलीच्या पर्समध्ये दिलेली. वॉर्डबॉयनं खाट थिएटरच्या दारापर्यंत नेली, दारावरचा दिवा काही हिरवा होईना, आणि बराच वेळ वाट पाहून त्यानं खाट उलटी फिरवली.

"काहून रे? झालं पण का?" यशोधराबाईंनी बोळक्या तोंडानं विचारलं.

"नाही मावशी. आज नाही होत."

"मंग चहा तरी द्या. कालपासून उपाशी ठेवलं मले."

त्यांची मुलगी उत्पला रामटेके भिंतीला टेकून उभी होती. आईला चहा सुचतोय हे पाहून तिला रडूच यायला लागलं, म्हणून ती रडण्याऐवजी भांडायला गेली. चाळीस वर्षांच्या आयुष्यात तिनं हा उपाय पुष्कळदा वापरला होता.

ऑपरेशनांच्या तारखा सांभाळणाऱ्या डोर्लीकरबाई काचेच्या खोलीत बसत. उत्पला टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"पहिल्यांदा म्हणालात ऑक्सिजनच्या प्लांटची देखभाल आहे. दुसऱ्यांदा अपघाताचे पेशंट आले. आज काय आहे?"

"आज उपकरणांची पेटी सुटली नाही, मॅडम. निर्जंतुक होऊन तयार आहे, पण कपाट उघडत नाही. अनुबंधनं सोडली नाही."

"डॉक्टर म्हणतात आईच्या हृदयाची झडप चुन्यासारखी कडक झाली आहे. दोन महिन्यांच्या वर काढू नका म्हणतात. त्यातला एक तुमच्या कपाटानं खाल्ला."

"दुसरीकडे न्या म्हटलं असतं," डोर्लीकरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पण आता सगळीकडे अनुबंधच आहे ना. तुम्ही तर त्याच लाइनीतल्या."

हे मात्र खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच ते उत्पलाला जास्त झोंबलं.

आता हा अनुबंध काय प्रकार आहे ते सांगून टाकायला हवं. मोठ्या यंत्रणांमध्ये रोजची कामं ठरल्या क्रमानं चालतात. त्या प्रत्येक कामाला तिथले लोक जॉब म्हणतात, आणि कुठला जॉब कधी सुटायचा हे ठरवणाऱ्या यंत्राला शेड्यूलर. साधा हिशेब असतो: पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसवायची नाही. अडचण पुढं आहे. पाणीवाल्यांचा शेड्यूलर वेगळा, वीजवाल्यांचा वेगळा, इस्पितळांचा, रेल्वेचा, कोर्टाचा वेगळा. एका मंडपातली पंगत दुसऱ्या मंडपातल्या भातासाठी अडलेली असली तर तिथल्या आचाऱ्याला ते कळणार कसं? पूर्वी माणसं फोन करत. "पंप लावू का?" "थांबा, लोड आहे." अर्धं शहर असल्या फोनांवर चालायचं.

अनुबंधनं हे शेड्यूलर एकमेकांना बांधले. दुसऱ्याकडच्या जॉबसाठी थांबायचं असलं तर त्या जॉबची एक सावली तो आपल्याकडे उभी करायचा. तिकडचं खरं काम पुरं झालं की इकडची सावली पुसली जायची आणि पुढचं काम सुटायचं. इथवर कोणाची काही तक्रार नव्हती. मग त्याला शिकायला सांगितलं. कोणता जॉब कोणत्या जॉबवर अवलंबून आहे हे माणसांनी सांगायची वाट न पाहता त्यानं जुन्या नोंदी चाळून स्वतःच ओळखायचं, आणि एकच गोष्ट सांभाळायची: सगळ्यांचा मिळून खोळंबा कमीत कमी. खोळंबा निम्म्यावर आला, पेढे वाटले गेले, आणि ते पेढे उत्पलानंही खाल्ले होते.

इस्पितळातून ती तडक पिंपळझरी जलकेंद्राच्या नियंत्रण कक्षात आली. नागपूरच्या मे महिन्यातली दुपार, बाहेर डांबर मऊ झालेलं, आत एसी आणि पडद्यांच्या रांगा. जलाशयातून पाणी उचलून शुद्ध करायचं आणि शहरातल्या टाक्या भरायच्या, ही सगळी साखळी या खोलीतून चाले. शेजारच्या खुर्चीवर प्रफुल्ल ढोमणे होता. उत्पलापेक्षा पाचसहा वर्षांनी लहान, घटस्फोट झालेला, दिवसभर बडीशेप चघळणारा.

"झालं का ताई आईचं?"

"नाही."

"पुन्हा? अरे बाप्पा."

उत्पलानं फोन काढला. इस्पितळाच्या मेसेजमध्ये आईच्या ऑपरेशनचा जॉब नंबर होता, तो तिनं अनुबंधमध्ये टाकला. थांबलेल्या प्रत्येक जॉबखाली एक बटण असतं, त्यावर लिहिलेलं असतं: कशासाठी थांबलं? दिवसातून शंभर वेळा ती हे बटण दाबायची. आईच्या नावाखाली ते दाबायचं आजवर तिला सुचलं नव्हतं.

तिनं दाबलं. ऑपरेशन थांबलंय उपकरणांच्या पेटीसाठी. पुन्हा दाबलं. पेटी थांबलीय थिएटरसाठी. थिएटर थांबलंय इस्पितळाच्या पाण्याच्या दाबाची खात्री मिळावी म्हणून. इथं पडद्याचा रंग बदलला, इस्पितळाचा शेड्यूलर संपून तिच्या स्वतःच्या खात्याचा सुरू झाला. पाण्याचा दाब थांबलाय पिंपळझरीच्या पंपांसाठी. पंप थांबलेत हजेरीसाठी.

"हजेरी? आपली हजेरी?" ढोमणेनं बडीशेप चघळणं थांबवलं.

उत्पलानं शेवटचं दाबलं. पडद्यावर आलं: उत्पला यशवंत रामटेके, उपस्थित असणे आवश्यक. आणि त्याखाली दुसरी ओळ: अनुपस्थितीचं संभाव्य कारण, आईचं ऑपरेशन.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली, मग बोट लावून वाचली. आईचं ऑपरेशन तिच्यासाठी थांबलं होतं. ऑपरेशन झालं असतं तर ती नसती, ती नसती तर पाणी नसतं, आणि पाणी नसतं तर ऑपरेशन झालं नसतं. ज्याला त्यांच्या धंद्यात गाठ म्हणतात ती अशी. गाठ पडली की अनुबंध त्यातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं काम बाजूला ठेवतो. एकीकडं उन्हाळ्यातलं अख्खं शहर, दुसरीकडं एका म्हातारीची झडप. त्याला ठरवायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नसणार.

ही हजेरी त्या खोलीतल्या लोकांचीच करणी. काही वर्षांमागं चालकमंडळी चहाला गेली असताना साखळी आपोआप सुरू झाली, एक व्हॉल्व्ह अडकला आणि वस्तीत कमरेएवढं पाणी शिरलं. तेव्हा वरिष्ठ अधिकारी वैरागडे सरांनी नियम केला की साखळीच्या तोंडाशी एक हजेरी जॉब ठेवायचा. नाव नोंदलेल्या माणसानं फोनवर अंगठा टेकवला तरच पंप सुरू. नियम चांगला होता. पण दर पाळीला नाव बदलायचं तर दोन सह्या लागत, आणि दोन सह्यांचा कंटाळा कक्षातल्या नऊच्या नऊ जणांना. म्हणून उत्पलाचं नाव एकदा टाकलं ते कायमचं. पाळी कोणाचीही असो, तिला फोन यायचा, "ताई, अंगठा." ती टेकवायची. लग्नात, बुद्धविहारात, न्हाणीतून ओल्या हातानं. ताईच्या अंगठ्यावर शहराचे नळ चालतात असं सगळे कौतुकानं म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं.

दोन वर्षांमागं डेंग्यूनं ती बेशुद्ध पडली. दुसरी सही करणारे साहेब दौऱ्यावर. पंप उभेच राहिले, शहर तीन दिवस कोरडं, इस्पितळांनी थिएटरं बंद ठेवली. यातून खात्यानं धडा काय घेतला? सगळ्यांनी वर्गणी काढून उत्पलाला मच्छरदाणी भेट दिली. खरा धडा अनुबंधनं घेतला: उत्पला नेहमीच्या जागेवरून हलली की शहर कोरडं.

"तेव्हापासून," उत्पला म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "पुण्याची बढती हुकली. आईला बोधगयेला न्यायचं तर तिकीट कधी कन्फर्म झालं नाही. मी दोन वर्षं नशिबाला शिव्या देऊन राहिली, प्रफुल्ल."

"खाली तारीख आहे, ताई."

खरंच होती. पुढील शक्य तारीख: ३१ मे २०६१.

यंत्र बिघडलंय असंच तिला आधी वाटलं, आणि वाटलं तेव्हा जरा बरंही वाटलं. मग ढोमणेची नजर कुठं गेलीय ते तिनं पाहिलं. तो तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं पाहत होता. फोटोखाली तिची जन्मतारीख होती, रक्तगट होता, आणि सेवानिवृत्तीची तारीख होती. ती एकतीस मे दोन हजार एकसष्ट होती.

वैरागडे सर हे सगळं ऐकताना आधी हसले. मग उत्पलानं त्यांना पडदा दाखवला आणि त्यांचं हसू मावळलं. माणूस वाईट नव्हता, पण कुठलंही संकट आलं की तो समितीकडं धाव घ्यायचा.

"हजेरीच काढून टाकू," ते म्हणाले. "सुरक्षा समितीपुढं विषय ठेवलेला आहे मी. बैठक दोनदा पुढं गेली, पण या वेळी नक्की."

"कधी आहे सर?"

"बघतो की." त्यांनी बैठकीची नोंद उघडली. तारखेच्या जागी रेघ होती. उत्पलानं त्यांच्या खांद्यावरून हात नेऊन बटण दाबलं. कशासाठी थांबलं? उत्तर आलं: बैठकीनंतर चाचणीसाठी पुरवठा बंद राहण्याची शक्यता. पुढील शक्य तारीख: ३१ मे २०६१.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तारीख बदलली नाही.

"हे कोणी केलं, रामटेके?"

"कोणी नाही सर. आपणच त्याला सांगितलं होतं, खोळंबा कमी कर. तो करून राहिला."

"मग बंद करू त्याला."

"सगळ्या खात्यांची संमती लागेल. आणि संमतीची पत्रं अनुबंधवरूनच फिरतात."

सर खुर्चीत मागं टेकले. त्यांच्या कपाळावर एसीतही घाम आला होता. कोणीतरी आपल्याशी वैर धरलंय असं असतं तर त्यांना सोसलं असतं, निदान कोणाला तरी फोन लावता आला असता.

मग मागं उभा असलेला ढोमणे म्हणाला, "नाव बदला ना. तेवढं तर आपल्या हातात आहे. माझं टाका."

"नऊ जणांची मिळून टाकू," सर म्हणाले.

"नऊ टाकाल तर तो नऊही जणांना धरून ठेवेल, नऊ घरं अडतील सर. माझ्यामागं कोण आहे? ना बायको, ना आईबाप. मला कुठं जायचं असते? बडीशेप आणायला. ती काही अनुबंध अडवणार नाही."

उत्पलानं त्याच्याकडं नीट पाहिलं. तो सहज हसत होता. नाही म्हणायला हवं, असं तिच्या मनात आलं. पण दुपारची आई डोळ्यांपुढून हलत नव्हती, बोळकं तोंड, टोपीबाहेर आलेली पांढरी बट, चहा मागणारी.

"खरंच कोणी नाही ना?" तिनं विचारलं.

"ताई, टाका."

दोन सह्या झाल्या. प्रफुल्ल ढोमणे हे नाव हजेरीत लागलं आणि उत्पलाचा फोन लगेच वाजला. यशोधरा यशवंत रामटेके, ऑपरेशन उद्या सकाळी, पहिलं. एवढं सोपं होतं ते. तिला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण त्याआधी अंगावर काटा आला.

ऑपरेशन उत्तम झालं. चौथ्या दिवशी यशोधराबाई कवळी लावून बसल्या आणि सांबारात मीठ नाही म्हणून नर्सला सुनवायला लागल्या. डॉक्टरांनी उत्पलाला बाजूला घेऊन सांगितलं, नवी झडप चांगली बसली आहे, पण दर महिन्याला रक्ताची तपासणी करायची आणि त्यावर गोळीचा डोस ठरवायचा, ते चुकवायचं नाही, नाहीतर झडपेवर गुठळी धरते. खाटेशेजारी एक छोटा पडदा होता, त्यावर पुढील तपासणीची तारीख हिरव्या अक्षरांत आली होती. जूनची.

ढोमणे भेटायला आला तो संत्रा बर्फीचा डबा घेऊन. यशोधराबाईंना बर्फी चालणार नव्हती, म्हणून त्यांनी डबा उशाखाली ठेवला.

"बस बाबा. तुझ्यामुळं नंबर लागला म्हणते उत्पला. लेकरं किती तुले?"

"एक आहे मावशी," ढोमणे बोलून गेला.

उत्पला पाण्याचा ग्लास भरत होती. तिचा हात तसाच राहिला.

"एक काय?"

"मुलगी. रेणू. आठ वर्षांची झाली." तो खाली पाहत होता. "अकोल्याला असते, तिच्या आईजवळ. कोर्टानं महिन्यातून एक शनिवार दिला आहे भेटीचा. दिवसभर."

"तू म्हणाला होता कोणी नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही नाव टाकलं असतं का?"

"हा शनिवार होता का तुझा?"

ढोमणेनं खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. कोर्टाच्या भेटकेंद्राचा मेसेज होता. समुपदेशक उपलब्ध नसल्याने भेट पुढे ढकलण्यात येत आहे. खाली त्यानं स्वतःच बटण दाबून ठेवलेलं होतं, आणि उत्तरात त्याची निवृत्तीची तारीख होती. रेणू तोवर बत्तीस वर्षांची झाली असती.

"तुला माहीत होतं," उत्पला म्हणाली.

"मावशीचं मरणाचं होतं ताई. माझं काय, नुसतं भेटायचंच तर आहे. फोनवर बोलतो मी तिच्याशी." मग तो म्हणाला, "काल ती म्हणे, बाबा, तू मुद्दाम नाही आला ना?"

उत्पलानं फोन त्याला परत दिला. ती खाटेच्या कडेवर बसली. दोन वर्षं त्या यंत्रानं तिच्याबाबतीत जे केलं, ते त्याला कळत नव्हतं, त्याला मन नव्हतं. तिला तर होतं. तिनं ढोमणेला 'खरंच कोणी नाही ना' असं विचारलं, ते 'नाही' ऐकायसाठीच विचारलं होतं.

ती खिडकीपाशी गेली आणि तिनं वैरागडे सरांना फोन लावला.

"सर, हजेरीत माझं नाव परत टाका. आत्ता. दोन्ही सह्या लावून द्या."

"रामटेके, आईच्या तपासण्या आहेत ना पुढं?"

"आहेत."

"मग?"

"टाका सर. माझं मी पाहीन. आईला पाठीवर घेऊन दारोदार फिरीन, कोणीतरी सुई टोचेल. आठ वर्षांची पोर तशी नाही फिरवता येणार."

"ताई, नका करू," मागून ढोमणे म्हणत होता. त्याचे डोळे भरले होते आणि हातात नेमका बर्फीचा कागद होता, त्यानंच त्यानं डोळे पुसले.

सरांनी सह्या केल्या. ढोमणेचा फोन आधी वाजला. भेट, येता शनिवार, सकाळी. त्यानं मेसेज वाचला, पुन्हा वाचला, आणि तो वॉर्डाबाहेर निघून गेला.

मग खाटेशेजारच्या पडद्यावरची हिरवी अक्षरं पुसली गेली. क्षणभर नुसती रेघ, आणि मग नवी तारीख. उत्पलानं ती पाहिली नाही, तिला पाहायची गरज नव्हती. पण यशोधराबाईंनी पाहिली. त्यांनी चष्मा लावला, मान पुढं काढली, आणि ओठ हलवत आकडे जुळवले.

"उत्पला, हे दोन हजार एकसष्टच लिहिलं आहे ना?"

"हो आई."

यशोधराबाईंनी बोटांच्या पेरांवर मोजलं. एकदा मोजून पटलं नाही म्हणून दुसऱ्यांदा मोजलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला की उत्पलाला तिकडं पाहवेना.

"म्हणजे सत्त्याऐंशीची होईन मी. माय, एवढी खात्री आहे डॉक्टरला माझी?" त्या शेजारच्या खाटेकडं वळल्या. "ओ बाई, पाहा हो, मले एकदम अठरा वर्षांनी बोलावलं. तुमाले कधी बोलावलं?"

उत्पलाचा फोन थरथरला. नियंत्रण कक्षातून होता. पलीकडून कोणीतरी नेहमीच्या घाईत म्हणालं, "ताई, अंगठा."

आई शेजारच्या बाईला बर्फी देत होती. उत्पलानं अंगठा टेकवला.